एका कंसात बाबा मावत नाहीत

मराठी शब्दकोशांच्या संपादक मंडळांस,

स. न. वि. वि.

हे पत्र एका कंसाबद्दल आहे. नोंदीच्या शेवटी तुम्ही जो छोटा चौकोनी कंस घालता आणि त्यात शब्दाचं मूळ सांगायला सं., फा., अर., तु., दे. (संस्कृत, फारसी, अरबी, तुर्की, देशी) अशी अक्षरं बसवता, तो कंस. बहुतेक वाचक अर्थासाठी कोश उघडतात, पण भांडण जिंकायला आलेला वाचक थेट कंसाकडे जातो. 'बघा, हा शब्द मूळचा आपलाच' आणि 'बघा, हा परका, टाकून द्या' या दोन्ही आरोळ्यांना दारूगोळा तिथूनच मिळतो. अर्थाच्या चार ओळी एखादवेळी चुकल्या तर लोक सांभाळून घेतात. कंसातलं एक अक्षर चुकलं की ते पन्नास वर्षं उद्धृत होत राहतं.

माझं हे मत बनलं ते एका जुन्या मुद्रितामुळे. मी बरीच वर्षं मुद्रितशोधन केलं. एकदा एका कोशाचं काम हातात होतं. पहिल्या वाचनाला 'बाबा' या शब्दापुढे फा. होतं, म्हणजे फारसी. दुसऱ्या वाचनाला कुणीतरी ते खोडून तु. केलेलं, म्हणजे तुर्की. तिसऱ्या वाचनाला आणखी कुणाच्या तरी अक्षरात समासात लिहिलेलं होतं, 'सं. वप्ता = पेरणारा', आणि पुढे ठसठशीत उद्गारचिन्ह. मी तिन्ही पर्याय एका चिठ्ठीवर लिहून शंका म्हणून वर पाठवले. उत्तर आलं, 'कोणतंही एक ठेवा, फर्मा आज यंत्रावर चढायचा आहे.' मी कोणतं ठेवलं ते सांगत नाही. लाज वाटते, एवढं पुरे.

त्या चिठ्ठीपासून मला 'बाबा' गोळा करण्याचा नाद लागला. आधी वाटलं, सोपं आहे. तुर्कीत बाबा म्हणजे वडील. फारसीत तेच, अरबी बोलींत तेच, अल्बेनियनमध्ये तेच. इटलीतल्या तोस्कानात 'बाब्बो'. इथपर्यंत नकाशा नीट जोडता येतो, सैन्यं आणि व्यापारी कुठून कुठे गेले ते दाखवता येतं. मग चिनी भाषेत 'बाबा' सापडला, अर्थ वडील. पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीत बाबा म्हणजे वडील, आणि वडिलांचा धाकटा भाऊ 'बाबा म्दोगो', म्हणजे लहान बाबा. टांझानियात ज्युलिअस न्येरेरे यांना 'बाबा वा ताइफा', राष्ट्रपिता, म्हणतात. दक्षिणेकडे शोना भाषेत बाबा वडीलच, आणि पार पश्चिमेकडे योरुबातही. योरुबा भविष्यवेत्ता 'बाबालावो' म्हणवतो, रहस्यांचा बाप. आता एवढ्या सगळ्यांना एकाच मुळाशी बांधायचं तर दोरी फार लांब लागते, पण बांधणाऱ्याला दोरीची चिंता कधीच नसते.

आणि मग रशियन भाषा आडवी आली. रशियनमध्ये बाबा म्हणजे बाई. खेड्यातली, अडाणी, जरा हेटाळणीच्या सुरात म्हटलेली बाई. तिचं लाडकं रूप 'बाबुष्का', म्हणजे आजी. बल्गेरियनमध्ये बाबा म्हणजे आजीच, आणि १ मार्चला तिथे येते ती 'बाबा मार्ता', मार्चआजी. परीकथांतली चेटकीण बाबा यागा सगळ्यांना ठाऊक आहे, मराठी अनुवादांत तिला पाहून पोरांना प्रश्न पडतो की ही बाई असून बाबा कशी. शरद ऋतूत मध्येच चार दिवस ऊब परत येते तिला पोलिश लोक 'बाब्ये लातो' म्हणतात, बायांचा उन्हाळा. रशियन पोरं बर्फाचा माणूस करतात त्यालाही 'बर्फाची बाबा' असं बाईचंच नाव आहे.

यातला माझा सर्वांत आवडता नमुना दगडी आहे. युरेशियाच्या गवताळ मैदानांत भटक्या जमातींनी उभारलेले जुने दगडी पुतळे आहेत. रशियनमध्ये त्यांना 'कामेन्नाया बाबा' म्हणतात, शब्दशः दगडाची बाई. आता त्यांतल्या कितीतरी पुतळ्यांना मिशा आहेत आणि कमरेला शस्त्र आहे. काही अभ्यासकांच्या मते हे नाव मूळ तुर्की घराण्यातल्या भाषांचं, पूर्वज किंवा वडील अशा अर्थाचं, आणि रशियन कानांनी ते आपल्या आजीच्या शब्दासारखं ऐकलं. तसं असेल तर एका भाषेच्या बापाला शेजारच्या भाषेने नुसत्या आवाजावरून आजी करून टाकलं. तुमचा कंस अशा पुतळ्याखाली काय लिहील, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

माणसांवरून हा शब्द वस्तूंवरही गेला. तुर्की बंदरात जहाजाचा दोर ज्या जाड खुंटाला अडकवतात त्यालाही बाबाच म्हणतात. रशियन बांधकामावर जमिनीत खांब ठोकणारं जड वजन असतं, त्याचंही नाव बाबा. एकीकडे बाप दोर धरून उभा, दुसरीकडे बाई दणके घालते आहे. दोन्ही ठिकाणी जी वस्तू अवजड आणि बुटकी, तिला घरच्या माणसाचं नाव.

पोलिश बाबा हा एक उभट केकही आहे. तो फ्रान्सात गेला आणि तिथेही बाबाच राहिला. आजीच्या घेरदार झग्यासारखा आकार, म्हणून ते नाव, असं साधारण मानलं जातं. पण एक जास्त रंगतदार कथा अशी की पदच्युत पोलिश राजा स्तानिस्वाव लेश्चिन्स्की याने अलिबाबाच्या गोष्टीवरून ते ठेवलं. पोलिश भाषेत केकाला आजीचं नाव आधीपासून हाताशी असताना राजा आणि चाळीस चोर कशाला हवेत? पण व्युत्पत्तीच्या बाजारात साध्या आजीपेक्षा राजाला नेहमी जास्त भाव.

जपानीत 'बाबा' पुन्हा म्हातारी. पत्त्यांतल्या गुलामचोरासारखा जो खेळ तिथे आहे त्याचं नाव 'बाबानुकी', म्हणजे म्हातारी काढून टाकणं. हंगेरियनमध्ये याच सांगाड्याचे दोन शब्द शेजारी शेजारी राहतात. एक, ज्याचा उच्चार आपल्या कानाला बॉबॉसारखा लागतो, त्याचा अर्थ तान्हं मूल किंवा बाहुली. दुसऱ्यात पहिला स्वर लांब, बाबॉ, आणि तो स्लाव लोकांकडून घेतलेला, अर्थ सुईण. म्हणजे जन्माला येणारं आणि जन्माला आणणारी यांच्यात तिथे एका स्वराच्या लांबीचं अंतर.

तर हिशेब असा झाला: बाबा म्हणजे बाप, बाई, आजी, म्हातारी, सुईण, बाळ, बाहुली. एका पाळण्याभोवती जितकी माणसं उभी राहू शकतात तितके अर्थ, आणि पाळण्यातलं मूलही त्यांत.

हे पाळण्याचं मी उगाच म्हणत नाही. १९५९ साली मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतले आईसाठीचे ५३१ आणि वडिलांसाठीचे ५४१ शब्द समोर मांडले. एकमेकांशी काही नातं नसलेल्या भाषांत हे शब्द इतके सारखे का, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर द्यायला रोमान याकोबसन हे भाषाशास्त्रज्ञ पुढे आले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मुलाला सर्वांत आधी जमतात ते ओठांचे आवाज. ओठ पूर्ण मिटले की म, ब, प. तोंड पूर्ण उघडलं की आ. मिटणं आणि उघडणं यांच्याइतका ठळक फरक तोंडाला दुसरा करता येत नाही. मग मूल तेच पुन्हा पुन्हा करतं: मामामा, बाबाबा. दूध पिताना तोंड अडकलेलं असतं, तेव्हा फक्त नाकातून हुंकार निघतो. त्यामुळे म आईला चिकटण्याकडे कल असतो. मर्डॉक यांच्या यादीत म, न यांसारखे अनुनासिक आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत होते आणि वडिलांच्या फक्त १५ टक्क्यांत.

यात मला महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. मूल बाबाबा म्हणतं तेव्हा त्याच्या मनात वडील नसतात, आजी नसते, कुणीच नसतं. ते तोंड वापरून पाहत असतं. अर्थ लावतात ती वरून वाकून बघणारी मोठी माणसं. 'ऐकलंस का, मला हाक मारली!' तुर्की घरात हे बाप म्हणाला, स्लाव घरात आजी म्हणाली, हंगेरियन घरात सगळ्यांनी मिळून ते बाळालाच परत दिलं. इंग्रजीतला 'बेबी'सुद्धा अशाच बोबड्या आवाजातून आला असं मानतात. एकदा घराने अर्थ ठरवला की तो पुढच्या पिढीला शिकवला जातो, आणि मग तो शब्द इतर शब्दांसारखाच भाषेचा होतो: परंपरेने चालतो, उसना जातो, झिजतो. दर पिढीत पाळण्यात तोच आवाज ताजा तयार होत असतो, म्हणून तो झिजला तरी पुन्हा भरून येतो.

याला अपवाद आहेत, आणि ते लपवू नयेत. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. ऑस्ट्रेलियाच्या पिच्चांच्चाचारा भाषेतही मामा म्हणजे वडील. जपानीत आई म्हणजे 'हाहा', आणि आजच्या तिथल्या ह-च्या जागी प्राचीन जपानीत प होता असं मानलं जातं, म्हणजे एके काळी तिथे पापा म्हणजे आई! आपण तर मामा आईच्या भावाला देऊन बसलो आहोत. कल म्हणजे नियम नव्हे. पण अपवादांतही आवाज तेच राहतात, फक्त माणूस बदलतो. सारखेपणाचा उगम तोंडात आहे असं म्हणायला याहून चांगला पुरावा कोणता?

आणखी एक मत आहे, तेही नोंदवतो: पापा, बाबा हे मानवजातीच्या अगदी पहिल्या भाषेतून आजवर चालत आले, असं काही अभ्यासक मांडतात. बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञांना ते पटत नाही. जो शब्द दर पाळण्यात नव्याने तयार होऊ शकतो, तो जुना आहे हे सिद्ध कशाने करायचं, हा त्यांचा आक्षेप मला बिनतोड वाटतो.

आता तुमच्या त्या 'वप्ता'कडे. वप् म्हणजे पेरणे, वप्ता म्हणजे पेरणारा, त्यावरून बाप, त्याच घरातला बाबा. ऐकायला छान आहे, व्याख्यानात टाळी घेतं. पण आपल्याच भाषेचे नियम लावून बघा. संस्कृतातल्या 'प्त'चा प्राकृतात 'त्त' होतो: सप्त, सत्त, सात. सुप्त, सुत्त. त्या हिशेबाने वप्ताचं वत्ता व्हायला हवं आणि मराठीत वाता. प्राकृतात सापडतो तो 'बप्प'. बप्पचा बाप होणं सरळ आहे, सर्प, सप्प, साप यासारखं. पण वप्तापासून बप्पपर्यंत पूल नाही. मग कुणी 'वप्र' हा दुसरा संस्कृत शब्द पुढे करतं. त्यातून प्प मिळतो खरा, पण सुरुवातीच्या व-चं काय? मराठी व सोडत नाही. हिंदीत बाघ, आपला वाघ. हिंदीत बीस, आपले वीस. हिंदीत बिजली, आपली वीज. एवढा हट्टी व फक्त बापाच्या बाबतीत गुपचूप ब झाला असं मानायचं, तर निदान त्याचं कारण कंसात यायला हवं. मला विचाराल तर बप्पही पाळण्यातूनच आला. बाळाला बाप पेरणारा आहे की कारकून, याच्याशी कर्तव्य नसतं.

खरी नाती सिद्ध होतात ती नियमांनी, आणि खरी नाती बहुधा कानाला ऐकूच येत नाहीत. आपलं 'चाक' आणि इंग्रजांचं 'व्हील' ही सख्खी भावंडं आहेत, एकाच मूळ शब्दाची लेकरं. बघून कोण म्हणेल? आर्मेनियन भाषेत दोनला 'एर्कु' म्हणतात आणि तो आपल्या 'द्वि'चा आप्त आहे, कारण तसा बदल त्या भाषेत इतर शब्दांतही होतो. उलट ग्रीक 'थेओस' आणि लॅटिन 'देउस', दोन्हींचा अर्थ देव, दोन्ही शेजारी, आणि तरी नातं नाही. लॅटिनचा देउस आपल्या देवाचा भाऊ आहे, ग्रीकांचा थेओस नाही. नाम आणि इंग्रजी 'नेम' यांचं नातं खरं. पण जपानीतही नावाला 'नामाए' म्हणतात म्हणून तिघांना एका पंगतीला बसवलं तर फसगत होते. जपानी शब्द 'ना' आणि 'माए' अशा दोन जपानी तुकड्यांचा आहे. फारसीत 'बद' म्हणजे वाईट, इंग्रजीत 'बॅड' म्हणजे वाईट, संबंध शून्य. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ऑस्ट्रेलियातली उत्तर क्वीन्सलंडची म्बाबाराम भाषा. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी तिच्या जुन्या जाणत्या माणसाला कुत्र्यासाठी शब्द विचारला तर उत्तर आलं 'डॉग'. इंग्रजीशी काडीचा संबंध नाही. शेजारच्या यिदिन भाषेत कुत्रा म्हणजे 'गुदागा', आणि तशाच जुन्या रूपाची पुढची-मागची टोकं झिजत म्बाबाराममध्ये ते झालं. हा किस्सा मी प्रत्येक 'मूळ आमचंच'वाल्याला ऐकवतो. तो हसतो, आणि पुढच्या वाक्यात बाबुल, बाबिलोन आणि बाभूळ एका फांदीवर लटकवतो.

बाबिलोनचा विषय निघालाच आहे तर 'बाब' हाही नीट लावून घ्यावा. 'ही बाब गंभीर आहे' यातली बाब अरबी. तिथे बाब म्हणजे दार, आणि त्यावरून ग्रंथाचं प्रकरण. तांबड्या समुद्राच्या तोंडाची 'बाब-एल-मंदेब' सामुद्रधुनी, म्हणजे अश्रूंचं दार, तीही हीच. दार, दारातून आत गेलं की प्रकरण, प्रकरणातला मुद्दा, आणि मराठीत येईतो कार्यालयीन बाब. बाबतही त्याच वाटेने. कोकणीत पुरुषाच्या नावापुढे आदराने 'बाब' लावतात, त्याचा मात्र या दाराशी काही संबंध नाही. तो बाबाच्या घरचा. एकच मराठी डोळा दोन्ही वाचतो, म्हणून तुम्ही दोन नोंदी वेगळ्या ठेवायला हव्यात, आणि ठेवल्या तर का ठेवल्या ते एका ओळीत सांगायला हवं.

यावर तुम्ही म्हणाल, ठीक, मग 'बाबा'च्या पुढे 'बालभाषा' लिहून मोकळे होऊ. नाही, तेही पुरणार नाही. फारसीवाला आणि तुर्कीवाला वाचक अगदीच खोटे नव्हते. मराठीतला बाबा एक नाही.

वडील हा अर्थ पाळण्यातला म्हणा. पण फारसी जगात सूफी आणि वृद्ध साधूंना बाबा म्हणण्याची जुनी रीत आहे. अकराव्या शतकातला कवी बाबा ताहिर त्यातलाच. तुर्कांच्या बेक्ताशी पंथात 'बाबा' हा अधिकाराचा दर्जा आहे. साधूला बाबा म्हणण्याच्या आपल्या रीतीमागे त्या संपर्काचा हात असणं अगदी शक्य आहे. म्हणजे शब्द घरचा, त्यावरची शाल बाहेरची. तिसरा अर्थ, लहान मूल. १८८६ साली युल आणि बर्नेल यांनी आपल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'बाबा लोग' नोंदवलं, साहेबांच्या घरची मुलं या अर्थाने. बाबा आमटे यांना 'बाबा' हे नाव संतपणामुळे मिळालं असं पुष्कळांना वाटतं. ते लहानपणापासूनचं घरचं नाव होतं. बाप आणि मूल यांना एकच शब्द कसा? अरबी बोलणाऱ्या पुष्कळ घरांत वडीलच पोराला 'बाबा' अशी हाक मारतात आणि आई पोराला 'मामा'. हाक मारणारा आपलंच नातं समोरच्याला लावून टाकतो, आरशासारखं. 'झोप रे बाबा आता' असं पोराला म्हणणारा मराठी बापही तेच करतो, फक्त आपल्या कधी लक्षात येत नाही.

आणि चौथा, ज्याची नोंद तुम्ही सर्वांत घाईत उरकता, तो उद्गारातला. 'नको रे बाबा', 'अरे बाबा, ऐक तर', 'सुटलो बाबा एकदाचे'. यात वडील नाहीत, साधू नाही, मूल नाही. यात कंटाळा आहे, विनवणी आहे, सुस्कारा आहे. बायकोला, मैत्रिणीला, रिक्षावाल्याला, अगदी बंद पडलेल्या यंत्रालाही आपण बाबा म्हणतो. फारसीत हुबेहूब याच सुरात 'एय बाबा' म्हणतात. तो तिकडून आला की दोन्हीकडे आपापला उगवला, हे कंसात बसणारं उत्तर नाही. पण प्रश्न तरी नोंदीत असू द्या.

बाबा एकटा नाही. 'आत्या' बघा. कन्नडात अत्ते म्हणजे आत्या आणि सासूही, म्हणून कुणी तिला द्राविडी ठरवतो. गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहातल्या त्या प्रसिद्ध गाथेत सून वाटसरूला सांगते, सासू इथे झोपते आणि मी इथे. तिथे सासूला शब्द आहे 'अत्ता'. म्हणून दुसरा तिला प्राकृत ठरवतो. पण हित्ती या प्राचीन भाषेत अत्ता म्हणजे बाप. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबल गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत नेलं तेव्हा प्रार्थनेची सुरुवात केली 'अत्ता उन्सर', आमच्या बापा. तुर्कीत 'आता' म्हणजे बाप, पूर्वज. १९३४ साली मुस्तफा केमाल यांना मिळालेल्या आतातुर्क या आडनावात तोच आहे. बास्क भाषेत बाप म्हणजे 'आइता'. द्राविडी की प्राकृत या भांडणात शिरण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं की त-चा आवाजही पाळण्यातला आहे, ओठांऐवजी जिभेने केलेला. काकाचं तसंच. स्वाहिलीत 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे बहीण. पंजाबीत काका म्हणजे तान्हा मुलगा. फ्रेंचमध्ये काका काय ते मी लिहीत नाही, माझे काका हयात आहेत.

म्हणून मागणं असं. नात्यांच्या आणि पाळण्यातल्या शब्दांसाठी एक नवं अक्षर सुरू करा, बा. म्हणजे बालभाषा. दे. जसं वापरता, मूळ सापडेना म्हणून टाकून दिल्यासारखं, तसं नको, बा. म्हणजे मूळ माहीत आहे आणि ते कोणत्याही एका भाषेच्या मालकीचं नाही, असा त्याचा अर्थ प्रस्तावनेत द्या. दुसरं, कंस नोंदीला एक नको, अर्थाला एक हवा. 'बाबा'ची नोंद मी अशी करीन, काटछाट तुम्ही करा:

बाबा, पुं. १ वडील. [बा.; तु., फा., चिनी, स्वाहिली यांत हाच अर्थ, परस्परसंबंध सर्वत्र सिद्ध नाही. रशियन, बल्गेरियन यांत स्त्री किंवा आजी.] २ साधू, फकीर, आदरणीय वृद्ध. [१ वरून, फा. वापराचा प्रभाव संभवतो.] ३ लहान मुलगा. [हाकेतील उलटापालट.] ४ उद्गार, लिंगनिरपेक्ष. [१ किंवा ३ वरून, फा. 'एय बाबा'शी तुलना करावी.]

जागा जास्त जाईल हे मला ठाऊक आहे. ओळी मोजण्यात माझं आयुष्य गेलं. वप्ता काढलात तर एक ओळ तिथेच सुटेल.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. 'बुवा'ची नोंद अजून यंत्रावर चढली नसेल तर थांबवा. आपल्याकडे तो कीर्तन करतो, 'काय बुवा' म्हणून सुस्कारतो आणि बागुल होऊन पोरांना घाबरवतो. हिंदीत मात्र बुआ म्हणजे आत्या.